झिराडकरांची भुवई

तर ऐका, लग्नाच्या दिवशी सकाळपासून शुलामीथ झिराडकर ज्याला काका म्हणेल तो तिचा काका व्हायला लागला.

म्हणायला नाही, खराच. त्यांच्या नात्यात झाडून सगळ्यांची डावी भुवई मधोमध तुटलेली असते. शुलूने अलिबागच्या बाजारात फुलवालीला म्हटलं, "मावशी, दोन वेण्या द्या," तर त्या बाईची भुवई तिथल्या तिथे तुटली. "भाचीच्या लग्नाला मी फुलं विकत देऊ होय गं?" म्हणाली. फुकट वेण्या! शुलू खूश.

सिनेगॉगमध्ये आल्यावर मात्र हसू गेलं. लग्नाला दोन साक्षीदार लागतात. पुरुष, आणि नवरीचे, नवऱ्याचे, एकमेकांचेसुद्धा नातेवाईक नकोत. तसे नसतील तर अंगठी घातली तरी ती नुसती अंगठी. आता बेने इस्राएलांची, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, इथे घरं उरलीत किती, त्यात बिननात्याचा माणूस आणायचा कुठून? म्हणून ठाण्याहून आणि पनवेलहून दोन परके बोलावलेले. आणि ओबेद पेणकर, म्हणजे नवरा, पहाटेच्या विमानाने इस्राएलला, अश्दोदला परत जाणार. लग्न झालं तर शुलू त्याच्याबरोबर. नाहीतर नाही.

ठाण्याचे रिक्षातून उतरले. शुलू दारातच.

"या काका, दमलात का?"

भुवई तुटली. "दमलो गं पोरी. पण तुझ्या आजीच्या हातचा मलिदा आठवत आलो. तुझा बाप आणि मी एका ताटात खायचो."

तिचा बाप, हनोख, शेजारीच उभा होता. त्यालाही ते ताट आठवलं. हज्जानसाहेब लग्न लावायला आलेले, त्यांनी चष्मा वर करून भुवई बघितली.

"बाद."

रिवकामावशीने शुलूला आत ओढलं. "तोंड शिवून बस! कोणाला काही म्हणू नकोस."

"मग हाक कशी मारू? ए माणसा?"

"मार की!"

पनवेलचे आले तेव्हा शुलू तोंडावर पदर दाबून खांबाआड उभी. ते पंख्याखाली बसले आणि परकेच राहिले. एक झाला.

दुसरा काही होईना. ओबेदने आपला मित्र निसीम आणला. तो शर्यतीची कबुतरं उडवायचा. हज्जानसाहेबांनी विचारलं, "पैजा लावून?"

"मग काय नुसती?"

"बाद." जुगाऱ्याची साक्ष चालत नाही.

मग तेल अवीवचा एक उंच पर्यटक, सिनेगॉग बघायला आलेला. त्याला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तयार होता बिचारा. आत शिरताना त्याचा पाय अडखळला आणि शुलूच्या तोंडून गेलंच, "ए दादा, पायरी!"

त्याने वळून बघितलं. तुटक्या भुवईने. "चाललीस तरी आरडाओरडा सुटला नाही तुझा," म्हणाला, आणि बाकावर बसून बहीण चालली म्हणून ढसाढसा रडायला लागला. शुलू एकुलती एक होती हो. तिने त्याला पाणी नेऊन दिलं.

उन्हं उतरली. खिडकीतून गल्लीत बघावं तर दूधवाला, सायकलवाला, टपरीवरची पोरं, आता तर ज्याला आयुष्यात कधी काका-दादा म्हटलं होतं त्या प्रत्येकाच्या तोंडावर तीच भुवई. सगळे नवरीकडे मायेने बघत होते. चालेल असा एक नाही.

हनोख तिला मागे विहिरीपाशी घेऊन गेला. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. तिच्या पदराला लागतील म्हणून सकाळपासून तो शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिना अडकवून फिरत होता.

"शुले, उलटंही होत असेल."

"काय उलटं?"

"मला नावाने हाक मार."

"नको बाबा."

"बाबा नको म्हणूस. नाव घे, आडनावासकट. बँकेत घेतात तसं."

"नको ना!"

"तुला जायचंय ना?"

तिला जायचं होतं. हीच तर पंचाईत. तिने विहिरीत बघितलं, आणि पाण्याकडे बघतच म्हणाली, "हनोख झिराडकर."

भुवई सांधली. कशी, तर चेन ओढावी तशी. तो दोन पावलं मागे सरकला, परक्या बाईपासून सरकतात तेवढा.

"बोला," म्हणाला. "काही हवं होतं का तुम्हाला?"

हज्जानसाहेबांनी त्याला उजेडात उभं केलं. "नवरीचे कोण?"

"कोणी नाही. गर्दी दिसली म्हणून आलो."

"कबुतरं?"

"छे."

"बसा."

तो पनवेलवाल्यांच्या शेजारी बसला. रिवकामावशीने त्याला पाहुण्याला देतात तसं बशीसकट सरबत दिलं. खिशाला कसल्या पिना आहेत ते त्याला कळेना. त्याने एकेक काढून खुर्चीच्या हातावर ठेवल्या.

ओबेदने अंगठी काढली. त्याआधी कतुबा, म्हणजे लग्नाचा करार, वाचायचा. हज्जानसाहेब चांगल्या लयीत वाचत आले आणि नवरीच्या नावापाशी थांबले. कागद खिडकीकडे धरला, परत जवळ घेतला.

"शुलामीथ, मुलगी..." त्यांनी मान वर केली. "मुलगी कोणाची?"

काका, मावशी, दादा, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. ओबेदने अंगठी तिच्या बोटाच्या टोकाशी धरून ठेवली होती. शुलूच्या ओठांवर तो शब्द आला होता. तिने दातांनी ओठ घट्ट धरला.

आणि साक्षीदाराच्या खुर्चीवरचा तो माणूसही, बशी मांडीवर सावरत, सगळ्यांसारखाच वळून दाराकडे बघायला लागला, मुलीचा बाप येतोय का म्हणून.