काचेआडचं कव्हर

मित्रांनो, कॉफीच्या या दुकानात भिंतीवर काचेआड जे चौकोनी चित्र दिसतं, ते म्हणजे मी. पण भिंतीसाठी माझा जन्म झाला नव्हता. मी एका जुन्या रेकॉर्डचं कव्हर आहे. माझ्या पोटात एक काळी तबकडी असायची आणि तिच्यात एका बाईंचा आवाज.

मला घडवणाऱ्या चित्रकारानं आधी कुंचला हातात घेतलाच नाही. तो नुसता गाणी ऐकत बसला. दुरावलेल्या मुलीला आई हाका मारते आहे, अशी ती गाणी. कंपनीच्या साहेबांना मात्र फुलं हवी होती, बाईंचं हसू हवं होतं आणि वर ठळक सोनेरी नाव.

"गाणं हाका मारतंय आणि बाई हसतायत? लोक फसतील हो," चित्रकार म्हणाला. "कव्हर बघून जे वाटेल, तेच सुई टेकल्यावर वाटायला हवं."

त्यानं फक्त बाईंचा चेहरा काढला. डोळे मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली, तोंड हाक मारताना उघडलेलं. भोवती मोकळा, गडद निळा रंग. नाव खाली, लहान. साहेबांनी नाक मुरडलं, पण रस्त्यावरची माणसं मला पाहून थबकायची, दुकानात शिरायची आणि म्हणायची, "हे जरा लावा बघू."

पुढे बाईंच्या घशात गाठ आली. ऑपरेशननं जीव वाचला, आवाज गेला. त्यानंतर त्या मला, म्हणजे स्वतःच्या घरी ठेवलेल्या प्रतीला, मांडीवर घेत, तबकडी अलगद काढून मऊ फडक्यानं पुसत आणि लावत. ऐकताना त्यांचे ओठ हलत. मग तबकडी परत माझ्यात. तिला ओरखडा पडू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मी जिवापाड केलं.

मग त्यांच्या भाच्यानं हे दुकान काढलं.

"मावशी, काय भारी कव्हर आहे गं! भिंतीवर लावतो. रेकॉर्ड राहू दे तुझ्याकडे."

बाईंनी जोरजोरात मान हलवली, मला धरायला हात पुढे केला.

"लाजतेस काय! सगळे बघतील तुला," म्हणत त्यानं मला काखोटीला मारलं. 'नको' एवढा एक शब्द बाईंपाशी नव्हता. माझ्यापाशी तर कुठून असणार?

दुकान उघडलं त्या दिवशी बाई आल्या. उशीच्या अभ्र्यातून त्यांनी तबकडी काढली. तिच्यावर आडवा ओरखडा उमटला होता. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी ती पुढे धरली.

भाचा कसंनुसं हसला. "मावशी, ते बोर्डाला चिकटवलंय गं. आता उघडणार नाही."

तेवढ्यात कुणी ओरडलं, "अरे, चित्रातल्या बाई याच ना?" टाळ्या पडल्या, फोटो निघाले. हातातली ती तबकडी कसली, हे एकानंही विचारलं नाही. बाईंनी ती पुन्हा अभ्र्यात गुंडाळली आणि गर्दीतून वाट काढत त्या निघून गेल्या.

आता लोक माझं कौतुक करतात आणि मी गुदमरतो. मला बघून माणसानं आतलं गाणं ऐकावं, यासाठी मी होतो. मित्रांनो, मला सोडवा असं म्हणत नाही. डिंक पक्का आहे. पण कुणीतरी बाईंच्या घरी जा. तबकडीला जाड कागदाचं पाकीट करून द्या. चित्र नसलं तरी चालेल. फक्त लवकर जा. अभ्रा फार पातळ आहे.