मोडीत आलेला पोपट

"हातोडा खाली ठेव आधी," हे माझ्यावर खेकसले आणि हातातला चहा लवंडत काशीच्या टोपलीकडे झेपावले.

मोखाड्याच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान जमिनीवरच मांडलेलं असायचं. जव्हार संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, हलक्या भांड्यांचं खूळ डोंगरापर्यंत पोचलं होतं. लोक जुनं तांबं-पितळ मोडीत द्यायचे आणि नवं न्यायचे. आमच्या धंद्याची रीत अशी, की मोडीत आलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ठेचायचं. आपल्या घरचं भांडं उद्या दुसऱ्याच्या घरात दिसू नये, म्हणून. ठेचायचं काम माझं. यांचा हात उठायचाच नाही. माणूस मेणाचा आणि धंदा मोडीचा, आता माझ्या नशिबाला काय म्हणायचं?

वर यांना जुन्या वस्तूंचा नाद. जव्हारची बडी घरं आवरायला लागली, तशा समया, पानाचे डबे, अत्तरदाण्या, झुंबराचे लोलक आमच्याकडे मुक्कामाला आले. माणसांनी झोपायचं कुठं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यातला सगळ्यात लाडका म्हणजे साखळीचा एक पितळी लामणदिवा. त्यावर पोपट होता, मान डावीकडे वळवलेला.

"हा कोणाकडे तरी बघतोय, मदीना," हे म्हणायचे. "याचा जोडीदार आहे कुठंतरी."

"असेल. त्याची बायको सुखात असेल," मी म्हणायचे.

आणि त्या दिवशी तो जोडीदार काशीच्या टोपलीत निघाला. तसाच पोपट, तशीच साखळी, मान उजवीकडे. चाळिशी उलटलेला माणूस, पण ईदच्या पोरासारखा नाचत होता. "तोच गं तोच," एवढंच तोंडातून निघत होतं. सगळा बाजार बघतोय याचंही भान नाही. मी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. खरं सांगते, मलाही आनंद झाला होता.

काशी सूर्यमाळची, आमचं जुनं गिऱ्हाईक. तिचा बाप जव्हारला एका कारभाऱ्यांकडे दिवाबत्ती करायचा. ते घर मोडलं तेव्हा जोडीतला एक दिवा त्याला बक्षीस मिळाला आणि दुसरा लिलावात आमच्या घरी आला. बाप आता नव्हता. काशीला हंडा हवा होता. उन्हाळ्यात झरा लांब जातो, वाटेत मडकं फुटलं की दिवस फुकट.

यांनी सगळ्यात मोठा हंडा तिच्यापुढे ठेवला. काशीनं तो वाजवून पाहिला आणि मला म्हणाली, "ठेच बाय दिवा."

यांचा चेहरा उतरला. "काशीबाई, हा ठेचायचा नाही. मी जन्मभर सांभाळीन."

"नाय सत्तारभाय. दुसऱ्याच्या घरात पेटला, त माझा बा त्या उजेडाला जाईल. मंग आमच्याकडं कोण येल?"

"मी कधी पेटवणारच नाही. शप्पथ घेतो."

"तू नाय पेटवाचा. तुझ्यामागं?"

हे म्हणाले, "मग हंडा ने आणि दिवाही ने. वर माझा पोपटही देतो, दोन्ही तुझ्या घरी टांग."

काशी हसली. "फुकटचा हंडा डोईवर घेऊन पाड्यात जाऊ? लोकं काय म्हणतील?"

यांनी दिव्याची साखळी बोटांत घेतली. मग हळूच म्हणाले, "एकदा लावून दाखवशील?"

शेजारच्या तेल्याकडून तेल आलं, वात झाली. काशीनं दिवा लावला. उन्हात ज्योत दिसेना, तेव्हा तिनं टोपली आडवी धरली. टोपलीवर पोपटाची सावली पडली आणि साखळी हलली तशी तीही डोलायला लागली. "बा असाच झुलवाचा," काशी म्हणाली. हे गुडघ्यांवर बसून बघत होते, हसत होते आणि डोळे पुसत होते.

मग काशीनं फुंकर मारली. दिवा निवू दिला, उरलेलं तेल केसांना लावलं आणि दिवा दगडावर ठेवला.

मी हातोडा उचलला, पण हात वर जाईना. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मला फार वाईट वाटत होतं.

"आण इकडं," काशीनं माझ्या हातातून हातोडा घेतला. "माझ्या बाचा हाय. मीच ठेचते."

पोपटाची मान पहिल्याच घावाला गेली. दिवा पार चपटा होईस्तोवर ती थांबली नाही. मग हातोडा माझ्या हातात दिला, हंडा डोईवर घेतला आणि सूर्यमाळच्या वाटेला लागली.

हे तो पत्रा मोडीच्या पोत्यात टाकू देईनात. परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. एरवी मी दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. त्या दिवशी मी जवळ सरकून बसले. रस्ता कच्चा होता, धूळ उडत होती, म्हणून मी माझा पदर त्या पितळेवर घातला.