हाराखालची सोलर प्लेट

दसऱ्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता, परतवाड्यापलीकडच्या धरणात, ‘गोदावरी’ नावाच्या शिडाच्या होडीची मोटर सुरूच होईना. वारा आधीच पडला होता. होडीवर पाच माणसे होती. धरणाचे दरवाजे उघडले होते आणि पाणी तिकडेच ओढ घेत होते.

मित्रांनो, मी त्या होडीच्या छतावरची एक जुनी सोलर प्लेट आहे. रागाने सांगते आहे, पण घडले तेवढेच सांगते.

होडीवर येण्याआधी मी एका संत्र्याच्या बागेत होते. माझ्या विजेवर कुंपणाची झटका मशीन चालायची आणि रानडुकरे लांब राहायची. बागेतली माणसे ओल्या फडक्याने माझी धूळ पुसत. माझी पूजा तिथे कोणी केली नाही. पुढे बागेत मोठ्या प्लेटा आल्या आणि अमरावतीचे वकील कमलाकांत यांची मुलगी दामिनी मला होडीसाठी घेऊन आली.

होडीवर मला दोन बॅटऱ्या भरायच्या होत्या. एक मोटरची. वारा पडला तर काठाला नेणारी. दुसरी दिव्याची आणि भोंग्याची, अडचणीत हाक मारणारी. दामिनीने मध्ये एक डबा बसवला होता. तो आधी मोटरची बॅटरी भरायचा आणि ती भरली की उरलेली वीज दुसरीला द्यायचा. शेजारी एक खटका होता. तो फिरवला की दोन्ही बॅटऱ्या एकत्र व्हायच्या.

“बाबा, हा खटका अडचणीपुरता,” तिने वडिलांना सांगितले होते. “दोन्ही एकदम संपल्या तर काठ पोहून गाठावा लागेल. वल्ही तर तुम्ही घरीच ठेवता.”

“बाकावर जागा नको का पाहुण्यांना?” वकीलसाहेब म्हणाले होते.

शिडाची सावली पडली की दामिनी मला सरकवायची. माझ्या थोड्याशा भागावर सावली पडली तरी माझी बहुतेक वीज अडते, हे तिला माहीत होते. मी चांगले काम करत होते. मग तिला अकोल्याच्या कॉलेजात नोकरी लागली आणि तिचे येणे कमी झाले.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारे, गाड्या, यंत्रे पूजतात. वर्षभर राबणाऱ्याला एक दिवसाचा मान मिळतो. त्यात गैर काही नाही. होडी सांभाळणाऱ्या शालिकरामने माझ्या तोंडावर ओल्या कुंकवाचे स्वस्तिक काढले. वर झेंडूचा जाड हार घातला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून तो तारेने आवळला. आपट्याची पानेही खोचली. दुसऱ्या दिवशी हे काढायला कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कडक ऊन पडत होते आणि मी त्याखाली आंधळी पडून होते. खाली दोन्ही बॅटऱ्या उतरत होत्या.

रविवारी दामिनी आली. होडीवर पाय ठेवताच तिने मला पाहिले.

“शालिकभाऊ, हा हार अजून काहून आहे?”

“देवाचा हाये ताई. तोडाचा नसते. सुकला का आपसूकच पडते.”

“तिले ऊनच लागून नाही राहिलं, भाऊ. उपाशी ठेवून पूजा करता का तुमी?”

तिने तारेला हात घातला. तेवढ्यात कमलाकांत दोन पाहुण्यांना घेऊन चढले.

“राहू दे गं. यांचे फोटो होऊ दे आधी. आली की लागली मास्तरकी करायला.”

“वकीलसाहेब, घरचं कोर्ट कडक आहे तुमचं,” एक पाहुणा म्हणाला. सगळे हसले. दामिनीचा हात खाली आला. त्या क्षणी मला तिचाही राग आला.

धरणाच्या मध्यावर कमलाकांतांनी दुसऱ्या बॅटरीवर मोठा स्पीकर लावला. गाणे मंदावू लागले तसा त्यांनी खटका फिरवला. “आता दोघी मिळून वाजवतील,” ते पाहुण्यांना म्हणाले. दामिनी मागे सुकाणू धरून बसली होती. तिला हे दिसले नाही.

थोड्या वेळाने गाणे बंद पडले. तेव्हा दरवाजे उघडल्याचा इशारा देणारा धरणाचा भोंगा ऐकू आला. तो आधीपासून वाजत होता.

“मोटर लाव,” कमलाकांत म्हणाले.

“लावून पाहिली. बाबा, खटका कोणी फिरवला?”

कमलाकांतांनी घाईने खटका परत फिरवला, पण उशीर झाला होता. शीड लुळे लोंबत होते. मोबाइलला रेंज नव्हती. होडी सरकत राहिली. शालिकरामने नांगर टाकला. नांगर तळाला अडकला, पण दोराचा वेढा त्याच्या उजव्या हाताला बसला आणि होडीची सगळी ओढ त्या हातावर आली. होडी थांबली. तो ओरडला नाही. “ताई, दोर कापू नका,” एवढेच म्हणाला.

दामिनीने आणि पाहुण्यांनी जोर लावून दोर सैल केला, खुंटीला बांधला आणि त्याचा हात सोडवला. मग ती मोबाइलचा उजेड हलवत राहिली. अंधार पडता पडता मासे धरणाऱ्यांची नाव आली. त्यांनी होडी ओढून काठाला नेली. त्यांच्यातला एकजण माझ्याकडे पाहून म्हणाला, “एवढा मोठा हार हाये, अन् एक दिवा नाही लागत का तुमच्याकडे?”

मित्रांनो, यंत्रांची पूजा जरूर करा. पण दुसऱ्या दिवशी हार उतरवा, कुंकू पुसा. राबणाऱ्याचे तोंड झाकून त्याला हात जोडले, तर ती पूजा त्याच्या काय कामाची?

शालिकराम अमरावतीच्या दवाखान्यात आहे. त्याची दोन बोटे वाचतील की काढावी लागतील, हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. दामिनी तिथेच आहे. काल सकाळी कमलाकांत काठावर आले. सगळे जिवानिशी वाचले म्हणून त्यांनी होडीपुढे नारळ फोडला, आणि जुना हार न काढता त्यावर नवा चढवला. पुढची सहल येत्या रविवारी ठरली आहे.

आज ऊन कडक आहे. दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या आहेत.