आम्रपालीचा बोनस

चार वर्षांपूर्वी तासगावजवळच्या एका गावात मुलींच्या कबड्डीचे सामने होते. उपांत्य सामन्याला मी पंच होते. मी संयोगिता, शाळेत खेळाची शिक्षिका.

दोन्ही संघ बरोबरीत होते आणि शेवटची चढाई चालू होती. चढाई करणारी आम्रपाली बोनस रेषेपर्यंत शिरली आणि झटक्यात परत फिरली. मधल्या रेषेपलीकडे तिनं अंग झोकून दिलं. चढाई संपली होती, पण अडवायला धावत आलेल्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती रेषेपलीकडे उताणी पडली. एक हात कोपरात वाकून छातीशी, दुसरा ताठ आभाळाकडे. बोटंसुद्धा ताठ.

जादा गुणासाठी लागणारी ती बोनस रेषा तिनं ओलांडली का, ते मला दिसलं नव्हतं. मध्ये दोन मुली होत्या. रेषापंचानं खांदे उडवले. पण बोनस मागताना मुली असाच हात वर करतात. लोक ओरडत होते, "बोनस! बोनस!" मी गुण दिला. तिचा संघ एका गुणानं जिंकला.

हात सात-आठ सेकंदांनी सैल पडला. कुणीतरी तोंडावर पाणी मारलं. ती उठली, हसली आणि विरुद्ध संघाच्या मुलींकडे चालायला लागली. लोक हसले. मीही हसले.

संध्याकाळच्या अंतिम सामन्यात तिला खेळवायचं का, असं कुणी विचारलं नाही. दुसऱ्याच चढाईत ती पाठीवर आपटली आणि उठलीच नाही. सांगलीच्या दवाखान्यात नेली म्हणे. पंधरा दिवसांनी बरी असल्याचं कळलं आणि मी विसरून गेले.

मागच्या महिन्यात सांगलीत पंचांचं शिबिर झालं. एका डॉक्टरांनी पडद्यावर खेळाडू पडतानाचे व्हिडिओ दाखवले. प्रत्येकाचा हात तसाच, ताठ.

"मार लागून डोकं झटकन वळलं की आतल्या मेंदूला हिसका बसतो," ते म्हणाले. "तो हिसका मेंदूच्या देठापर्यंत पोचला की हात आपोआप ताठ होतात. खेळाडू ते करत नसतो, त्याला कळतही नसतं. असा हात दिसला की त्याला लगेच बाहेर काढायचं."

रविवारी मी आम्रपालीच्या घरी गेले. तिचे वडील सोपान दारातच म्हणाले, "आवं मॅडम, तुमीच बोनस दिलासा न्हवं! पोरगी बेसुद पडली तरी गुण मागत हुती बगा!"

आम्रपाली आतून आली, उजेडानं डोळे बारीक करून. पोलीस भरतीची तयारी तिनं सोडली होती. पळालं की भोवळ यायची. बेदाण्याच्या शेडवर कामाला लागली, तर तिथल्या मशीनच्या आवाजानं डोकं फुटायची वेळ यायची.

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. सोपाननी विचारलं, "म्हंजी तिनं मागितलाच न्हवता?"

"नाही."

"माजा पाय रेषंपल्याड गेलता का?" आम्रपालीनं विचारलं.

"मला दिसलं नव्हतं."

"मला बी आठवत न्हाई. लोक सांगत्यात, म्हणून मी बी सांगते." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तवा तुमाला ह्ये ठावं असतं, तर मला भायेर बसवलं असतं?"

"हो," मी म्हणाले. पण ते खरं होतं का, मला सांगता येत नाही. त्या दिवशी दुसऱ्याच संघाकडे चालणारी मुलगी मला दिसली होतीच. त्यासाठी डॉक्टर कशाला लागतो?

मी तिला सांगलीला त्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला डोळे मिटून एका पायावर उभं केलं, बोटामागं नजर फिरवायला लावली, गोळ्या लिहून दिल्या. डोकेदुखी कमी होईल म्हणाले. पळण्याबद्दल काही बोलले नाहीत.

"फायनलच्या आदीच तुमच्याकडं आले असते तर?" तिनं विचारलं.

"तेव्हा फक्त विश्रांती सांगितली असती," डॉक्टर म्हणाले. "तीच महत्त्वाची होती."

तिनं मान हलवली. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.