उलटं नाशिक

नाशिकमधल्या अंबडच्या उज्ज्वलाताईंशी वाद घालून कुणी जिंकल्याचं ऐकिवात नाही. त्यांची फाउंड्री छोटीशीच. पूर्वी तिथे पंपांचे भाग ओतले जायचे, आता जुन्या परदेशी मोटारींच्या इंजिनांचे ब्लॉक. मूळ ब्लॉकला तडा गेला की नवा परदेशातून मागवणं म्हणजे घर गहाण टाकणं. ताईंचा ब्लॉक मात्र एखाद्या हौशी मास्तरालाही परवडावा असा.

गिऱ्हाईकं आणायचा योगेश, मुंबईचा दलाल. गोड बोलून केसानं गळा कापणारा माणूस.

"ताई, यावर जुन्या कंपनीचं नाव ओता. अस्सल म्हणून विकतो."

"ओतायचं आम्ही, आणि नाव त्यांचं?"

"नाशिकचा ब्लॉक कोण घेणार? नाशिकची द्राक्षं घेतात लोक."

"इथं ओझरला विमानं बनतात, ती काय द्राक्षांच्या पेटीतून उडतात?"

योगेश हसला. पण जाताना बजावून गेला, नाव नसेल तर काम नाही. सगळं काम त्याच्याच हातून यायचं. तो गेला की भट्टी थंड. ताईंनी ओठांवर आलेलं उत्तर गिळलं आणि मान डोलावली. स्वतःच्या त्या होकाराचाच त्यांना जास्त राग आला.

भट्टीवरच्या जुन्या कामगारानं, बहिरूनं, वाळूचा साचा भरला, त्यात कंपनीचं नाव उमटवलं. लोखंडाचा रस तयार झाला. ताईंनी साच्यात डोकावून ती परकी अक्षरं पाहिली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"थांबा, बहिरूभाऊ!"

त्यांनी ओली वाळू दाबून नाव बुजवलं. खिळा घेतला आणि तिथेच ठसठशीत कोरलं, नाशिक.

"ओता आता."

दुसऱ्या दिवशी साचा फोडला आणि सगळे खो खो हसत सुटले. नाव उलटं आलं होतं! वाळूत कोरायचं ते उलटं, तेव्हा लोखंडात सुलटं उमटतं. नव्या कामगाराला हेच सांगून ताईंचा घसा बसायचा.

"राग लय वाईट हाय, ताई," बहिरू म्हणाला. "घासून टाकू का?"

ताई आधी लाजल्या, मग त्याही हसल्या. पाण्याचा दाब देऊन ब्लॉक तपासला, थेंबभरही गळला नाही.

तेवढ्यात योगेश आला. "स्वतःचं नाव धड ओतता येत नाही, आणि तोरा केवढा! घासा हे, कंपनीचं नाव टाका. नाहीतर हा आपला शेवटचा व्यवहार."

ताईंना भट्टीकडे बघायचं धैर्य होईना. पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"उलटं आलंय योगेश, पण खोटं नाही आलं. हा ब्लॉक असाच जाईल. गिऱ्हाईक मी शोधीन."

योगेश पाय आपटत निघून गेला. बहिरूनं हळूच विचारलं, "ताई, पुढच्याला तरी सुलटं येऊ द्यायचं ना?"

"नाही. असंच येऊ द्या. ज्याला वाचायचंय तो आरसा आणील."