डॉक्टरसाहेबांची टाकी

बाबा गेले आणि त्यांच्या फिरत्या दवाखान्याच्या गाडीतली गरम पाण्याची टाकी झटके देऊ लागली. सगळ्यांना नाही. मला आणि लटारूभाऊंना.

लटारूभाऊ बाबांच्या गाडीचे ड्रायव्हर. बाबांना मुलगा नव्हता, म्हणून अग्नी लटारूभाऊंनीच दिला. सिंदेवाहीच्या पुढे ज्या गावात बाबा वारले, तिथेच बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, काठावर गाडी उभी होती. टाकी जनरेटरवर तापायची; तिचा नळ गाडीच्या मागे, बाहेर काढलेला. नर्स गिरजाबाई त्याच नळावर बादली भरून घेत, त्यांना काही होत नसे. आम्ही हात लावला की खांद्यापर्यंत कळ जाई.

"साहेब आपल्याच माणसाले धरून राह्यले," लटारूभाऊ म्हणाले.

"मंग मले काऊन नाई धरत? त्याहिच्या सगळ्यात जास्त शिव्या तं मीच खाल्ल्या," गिरजाबाई म्हणाल्या.

"तुमाले सुतक हाये का?"

गावात हे पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी बायका आल्याच नाहीत. पहिलटकरीण चंदा, पाय सुजलेले, सासूबरोबर दूर पळसाखाली उभी राहिली, जवळ येईना. दवाखान्याला बायकांनी भिऊ नये म्हणून बाबा या जंगलात गाडी घेऊन हिंडले. आता त्या बाबांनाच भीत होत्या. एवढे थांबवल्याशिवाय मला नागपूरला परतायचे नव्हते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. विजेला नातेगोते कळत नाही, हे मुलींना सांगायला सोपे. इथे तर ती नेमकी ओळखून धरत होती. जनरेटर बंद करून मी बटण उघडले, फ्यूज पाहिला. सगळे ठीक. पुन्हा सुरू केला; गिरजाबाईंनी नळ धरला, काही नाही. मी धरला, कळ. असे किती वेळा केले कोण जाणे. एकदा तर तपासण्यासारखे काही उरले नसतानाही मी हात लावला.

मागे वळताना पायात बोराटीचा काटा गेला. गिरजाबाई तो काढायला वाकल्या. "चपला घाला न ताई."

"दहाव्यापर्यंत नाही घालायच्या," मी म्हटले, आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिले. रबरी तळव्यांचे कॅनव्हासचे बूट. बाबांचेही तसेच असत. लटारूभाऊंच्या टायरच्या वहाणा अग्नी दिल्यापासून सीटखाली पडल्या होत्या. नळाखालच्या ओल्या चिखलात उघडे पाय फक्त आम्हा दोघांचे.

"लटारूभाऊ, वहाणा घालून नळ धरा."

"दहाव्याच्या आंदी? नाई जमत, ताई."

मग कोतवालाच्या घरून कोरडा पाट आणवला. लटारूभाऊ पाटावर चढले, डोळे मिटून नळ धरला. कळ आली नाही. डोळे उघडले. पुन्हा धरला.

"मंग साहेब पाटाले भेतेत का?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारले. गिरजाबाईंना हसू फुटले. माझ्याकडे पाहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

जनरेटर बंद करून आम्ही तार बोटांनी चाचपत गेलो. टाकीमागे, गाडीच्या हादऱ्यांनी घासून, तारेवरचे रबर गेले होते आणि उघडे तांबे टाकीच्या पत्र्याला टेकले होते. केव्हापासून, कळायला मार्ग नाही. कदाचित बाबा असतानाही. बाबांच्याच पिशवीतली काळी पट्टी मी तारेला गुंडाळली आणि ती पत्र्यापासून दूर बांधली.

जनरेटर सुरू झाला. चिखलात अनवाणी उभी राहून मी नळ धरला. काही नाही. दुसऱ्या हाताने धरला. नुसते कोमट लोखंड. लटारूभाऊही पाटावरून उतरले आणि नळावर बराच वेळ तळवा ठेवून उभे राहिले.

"गेले," ते म्हणाले.

मला हेच तर हवे होते. तरी काय वाटते आहे ते मला कळेना.

पळसाखालून चंदाच्या सासूने हाक दिली, "बाई, साहेब हायेत का अजून टाकीत?"

तारेचे, रबराचे सगळे ओठांवर आले होते. पण तिचा प्रश्न साधा होता.

"नाहीत."

जनरेटरच्या आवाजात तिला ऐकू गेले नाही. "काय म्हन्लं?"

"नाहीत," मी ओरडून सांगितले. "बाबा गेले."

सासूने चंदाच्या पाठीवर हात ठेवला. दोघी अनवाणीच चिखल तुडवत आल्या. गिरजाबाईंनी नळाखाली बादली सरकवली.