बॅटरी शिल्लक नाही

१९९७ सालच्या फेब्रुवारीत राहुरीच्या जॉर्ज पाटोळे सरांच्या जुन्या फियाटची बॅटरी बसली. महिनाभर आधीपासूनच ती कुरकुरत होती. किल्ली फिरवली की गाडी नुसती कण्हायची, मग गल्लीतले दोघं-तिघं मागून धक्का द्यायचे. त्या रविवारी मात्र धक्का देणारे पार कोपऱ्यापर्यंत गेले, घामाघूम झाले, तरी गाडी सुरू झाली नाही. मागच्या सीटवर सरांच्या पत्नी एस्तेरबाई चर्चला जायची साडी नेसून बसल्या होत्या. संधिवातानं त्यांचे गुडघे कधीचेच आखडले होते. सरांनी त्यांना उचलून परत घरात आणलं, पलंगावर बसवलं.

"राहू द्या हो," एस्तेरबाई म्हणाल्या. "घरीच प्रार्थना करू."

"उद्या नवी बॅटरी टाकतो."

एस्तेरबाई आखडलेले गुडघे चोळू लागल्या.

गाडी वीस वर्षांची झाली होती. पत्रा गंजला होता, एक दार आतून उघडत नव्हतं. पुण्याला नोकरी करणारा मुलगा डॅनी फोनवर दर वेळी सांगायचा, "पप्पा, आता तिच्यावर खर्च करू नका." सरांनाही ते पटायचं. पण एस.टी.च्या पायऱ्या एस्तेरबाईंना चढता येत नव्हत्या, आणि महिन्यातून एकदा नगरला डॉक्टरांकडे जावंच लागायचं. गाडी होती म्हणून ती दोघं कुणाची मिंधी नव्हती.

आणखी एक गोष्ट होती. ती सरांनी कुणालाच सांगितली नव्हती. वर्षापूर्वी नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू असल्याचं सांगितलं होतं. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली सांभाळा, आणि गाडी चालवणं सोडा. सर थेंब नेमानं घालत होते. गाडी सोडली नव्हती. समोरचा रस्ता दिसायचा, कडेचं दिसायचं नाही, एवढंच तर होतं.

सोमवारी सर चालत श्रीमंतच्या दुकानात गेले. श्रीमंत त्यांचा जुना विद्यार्थी. गणितात दोनदा नापास झालेला, आता नगर-मनमाड रस्त्यावर बॅटऱ्यांचं दुकान टाकून बसलेला. सरांना बघताच तो उठून उभा राहिला. खुर्ची पुसली, चहा सांगितला.

"फियाटची बॅटरी हवी रे. जुनी आता चार्ज धरत नाही."

श्रीमंत जरा घुटमळला. "सर, त्या मापाची शिल्लक न्हाई."

"कधी येईल?"

"सांगता येत न्हाई, सर. माल नगरवरून येतो. तुमी चहा घ्या ना."

सरांनी बशीत चहा ओतला. तेवढ्यात एक माणूस घाईघाईनं आत आला. बाहेर त्याची गाडी उभी होती. "शेठ, फियाटची बॅटरी द्या बरं पटकन. मागं त्या फळीवर ठेवलीय, तीच."

श्रीमंत सरांकडे न बघता फळीकडे गेला. सरांनी मान वळवून मागच्या अंधाऱ्या भिंतीकडे पाहिलं. तिथं काहीतरी काळं काळं रांगेनं मांडलेलं होतं. किती होतं, कसलं होतं, ते त्यांना उमगलं नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर श्रीमंत जवळ येऊन उभा राहिला. "डॅनीचा फोन आल्ता, सर. हात जोडून सांगितलं त्यानं, पप्पांना देऊ नको म्हणून. मी काय करू? तुमाला खोटं बोलताना माझी जीभ उचलत नव्हती."

"डॅनीला कुणी सांगितलं?"

श्रीमंतनं मान खाली घातली.

सर घरी आले. एस्तेरबाई पलंगावर मेथी निवडत होत्या. नवऱ्याच्या रिकाम्या हातांकडे बघून त्यांना सगळं कळलं.

"मीच केला फोन," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात नगरहून येताना कारखान्याजवळ उसाची बैलगाडी आडवी आली होती. मी ओरडले तेव्हा तुम्ही ब्रेक मारला. तुम्हाला ती दिसलीच नव्हती. बैलाचं शिंग माझ्या काचेपाशी आलं होतं हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही मला सांगितलं होतं का, डोळ्यांचं?"

 सर तिच्यासमोर खुर्चीवर बसले. रागवावं, तर तिचं चुकलं नव्हतं. बॅटरी आणावी, तर तीच उद्या त्या गाडीत बसायला भिणार. न आणावी, तर ती या खोलीबाहेर कशी जाणार?

"मला आता न्यायचं नाही कुठं," एस्तेरबाई हळूच म्हणाल्या. "डॉक्टरांची औषधं डॅनी पाठवील."

"आणि चर्च?"

त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

पुढच्या आठवड्यात डॅनी एक दिवसाची रजा काढून आला. त्यानं गाडी श्रीरामपूरच्या एका गॅरेजवाल्याला विकली होती. गॅरेजवाला छगन ट्रॅक्टर घेऊन आला, फियाटला पुढून दोर बांधला. "डांबरी रस्त्यापर्यंत कुणीतरी स्टेअरिंग धरायला पाहिजे," तो म्हणाला. "पुढं माझा माणूस हाय."

"मी धरतो," डॅनी म्हणाला.

"नको. मी," सर म्हणाले, आणि कुणी अडवायच्या आत ते आत जाऊन बसले.

दोर ताणला गेला. गाडी आवाज न करता निघाली. सरांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं होतं, पण वळायचं कुठं ते पुढचा ट्रॅक्टर ठरवत होता. गल्लीतली माणसं दारात आली असणार. कुणीतरी "नमस्कार सर" म्हणालं. आवाज कुठल्या बाजूनं आला तेच सरांना कळेना. त्यांनी समोरच बघत मान हलवली.

डांबरी रस्त्यावर छगननं ट्रॅक्टर थांबवला. "उतरा, सर."

सर उतरले. छगनचा माणूस त्यांच्या जागी बसला. मागून चालत आलेला डॅनी त्यांचा हात धरायला पुढं झाला. सरांनी हात सोडवून घेतला, दोन पावलं टाकली, आणि कडेच्या खडीच्या ढिगाला अडखळले. मग त्यांनी मुलाला आपला हात धरू दिला.